मदत हवी आहे : कलर कॉपियरवर स्टिकर शीटचा टोनर निघतोय

राम राम मंडळी. अंबाजोगाईत आमच्या बचत गटाचं मसाल्या-लोणच्याचं काम आहे. बरण्यांची लेबलं आम्ही कलर लेझर कॉपियरवर काढतो, ए४ शीटवर २४. खालच्या ट्रेमधून शीट घातली की हमखास जाम, म्हणून बाजूच्या बायपास ट्रेमधून एकेक सोडतो आणि कागदाचा प्रकार 'लेबल्स' ठेवतो. अडकणं थांबलं, पण गडद लाल भागावर नख फिरवलं की टोनर (शाईची पूड) पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय शेवटच्या ओळीतला मजकूर दीड-दोन मिलिमीटर खाली घसरतो. 'फिट टू पेज' (पानात बसवायला मजकूर लहान-मोठा करणारं सेटिंग) बंदच आहे.

शीट लेझरचीच आहे. अर्धी वापरलेली शीट परत घालत नाही. उघडा गोंद मशीनच्या ड्रमला (आतल्या छपाईच्या रुळाला) चिकटला तर हंगामाची कमाई दुरुस्तीतच जायची! दुकानदार मशीनला नावं ठेवतो, मेकॅनिक शीटला.

'लेबल्स'ऐवजी जाड कागदाचं सेटिंग लावलं तर टोनर पक्का बसेल का? घसरण फाईलमध्ये सुधारायची की मशीनमध्ये? लातूर किंवा संभाजीनगरला चांगली शीट सुटी कुठं मिळते? आणि पत्र्याच्या खोलीत गठ्ठ्याच्या कडा वळतात, त्यावर कुणी काय करतं तेही सांगा.