अप्लाइड आर्टच्या वर्गात क्लायंट आणावा की नाही?

शिरोरेखा:
पॅकेजिंग डिझाइन हे माझं रोजचं काम. यंदा पहिल्यांदाच बीएफए अप्लाइड आर्टच्या (उपयोजित कला) तिसऱ्या वर्षाला व्हिजिटिंग म्हणून शिकवतोय. पहिलंच काम दिलं ते गोडा मसाल्याच्या २०० ग्रॅमच्या पाऊचचं, सगळा मजकूर मराठीत. मुलांनी आणलेल्या दर्शनी बाजू बघून जीव सुखावला. एकीने दगडफूल आणि नागकेसर समोर ठेवून पेन्सिलने अभ्यासचित्रं केली होती आणि त्यातूनच पॅटर्न बांधला होता.

मग पाऊच उलटलं. मागची बाजू जवळपास सगळ्यांचीच कोरी. घटकपदार्थ, निव्वळ वजन, एमआरपी, पोषणतक्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, हे सगळं बसणार कुठे? "सर, ते क्लायंट देतो ना?" मजकूर क्लायंट देतो, पण बसवायचा आपणच.

पुढचे तास मी मागच्या बाजूवरच घेतले. असं पाऊच बहुतेक वेळा ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरांनी छापतात, दर रंगाला वेगळा सिलिंडर. चार रंगांतून केलेल्या तपकिरीवर बारीक पांढरी अक्षरं ठेवली आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं, की आधी अनुस्वार बुजतो. 'लवंग'चं 'लवग' होतं. इंग्रजीचं लीडिंग, म्हणजे दोन ओळींतलं अंतर, मराठीला तसंच लावलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

माझ्या मते हे पहिल्या वर्षापासून शिकवायला हवं. विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना मात्र ते अजिबात पटलं नाही. वर्गात क्लायंट आणून त्याचा धंद्याचा स्टुडिओ करू नका, म्हणाले. तुम्हाला काय वाटतं?

कोरा कागद:
प्राध्यापकांचं बरोबर आहे. मी फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला शिकवतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग प्रवेशाच्या सीईटीचे क्लास करून आलेलं पोर 'मार्क कशाला मिळतील' याच हिशेबाने चित्र काढतं. ती सवय मोडण्यातच वर्ष जातं. त्याच्यापुढे तुम्ही लगेच क्लायंट उभा केलात, तर परीक्षकाच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं एवढंच. सिलिंडर आणि रजिस्टर नोकरीत दोन महिन्यांत कळतं. दगडफूल तासभर न्याहाळायला नोकरीत कोण देणार आहे?

प्रीप्रेसवाली:
मी प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी फाइली तयार करायच्या कामात आहे. दोन महिन्यांत कळतं हे मला मान्य नाही. मुरलेल्या डिझायनरांच्या फाइलीसुद्धा बारीक टाइप चारही रंगांत घेऊन येतात. आम्ही रात्री बसून ती अक्षरं फक्त काळ्या रंगावर आणतो, आणि सकाळी 'काळा फिका का दिसतोय' म्हणून फोन येतो. सिलिंडर कोरून झाल्यावर चूक सापडली तर खर्च कुणी सोसायचा यावरून भांडणं होतात. कॉलेजात एकदा प्रेस दाखवली असती तर यातलं निम्मं टळलं असतं.

शिरोरेखा:
@कोरा कागद, न्याहाळणं आणि छपाई यांचं वैर आहे असं तुम्ही का धरता? अक्षररचनाकार र. कृ. जोशी जाहिरात एजन्सीत काम करत होते, मग पवईच्या आयडीसीत (आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात) शिकवू लागले. मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा देवनागरी फॉन्टही त्यांनीच केला. संगणकाच्या पडद्यावरच्या अक्षराइतकी बंधनं कशाला असतात?

कोरा कागद:
जोशी सरांचं नाव घेतलंत, तर ते आधी सुलेखनकार होते हेही सांगा. हातात अक्षर मुरलं होतं म्हणून ते पडद्यावर टिकलं. मीही तेच म्हणतोय, आधी हात.

थर्ड इयर:
मी विद्यार्थिनी आहे, वेगळ्या कॉलेजची. मागची बाजू कोरी राहते त्याचं कारण साधं आहे. ज्यूरीत, म्हणजे परीक्षक काम तपासतात तेव्हा, पाऊच कुणी उलटून बघत नाही. माउंटवर (जाड पुठ्ठ्यावर) चिकटवलेला फ्रंट लांबून बघतात आणि पुढे जातात. रात्रभर जागून आम्ही जे बघितलं जाईल तेच करणार ना? सर, आधी ज्यूरीला मागची बाजू बघायला लावा.

शिरोरेखा:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यापुढे माउंट बंद. भरून, सील केलेलं पाऊचच हातात द्यायचं, आणि गुणांचा मोठा वाटा मागच्या बाजूला.

कोरा कागद:
म्हणजे आता मागची बाजूही मार्कांसाठी! एकदा हेच काम गुण न ठेवता देऊन बघा. कितीजण स्वतःहून पाऊच उलटतात ते इथे येऊन सांगा, मग पुढचं बोलू.