पीएसएटीचे १५०० आणि नॅशनल मेरिट: नक्की मोजतात तरी काय?

अकरावीची_आई

नमस्कार मंडळी. लेक न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलला दहावीत आहे. शाळेनेच ऑक्टोबरात पीएसएटी/एनएमएसक्यूटी (एसएटीआधीची परीक्षा, हिच्यावरूनच नॅशनल मेरिट स्कॉलरशिपची स्पर्धा सुरू होते) घेतली. रीडिंग-रायटिंग ६८०, गणित ७४०, एकूण १४२०. पुढच्या ऑक्टोबरात नॅशनल मेरिटसाठी तिला जोर लावायचा आहे. कोणी सांगतं १४५० पुरतात, कोणी सांगतं १५०० च्या खाली असाल तर नाद सोडा. खरं काय? मार्क पुरेसे आले तर पुढे आपोआप पैसे मिळतात का? आम्ही अजून एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत, त्याची अडचण येईल का? शिवाय टॅम्पाला माझा भाचा बारावीत आहे. तो म्हणतो तिकडे पीएसएटीची गरजच नाही, एसएटीवर (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेवर) स्कॉलरशिप मिळते. हे प्रकार वेगळे आहेत का?

गणिती_काका

एकूण आकडा आधी बाजूला ठेवा. नॅशनल मेरिट तो बघतच नाही. ते बघतात सिलेक्शन इंडेक्स: रीडिंग-रायटिंगची दुप्पट, अधिक गणित, भागिले १०. दोन्ही भाग १६० ते ७६० मध्ये असतात, म्हणून इंडेक्स ४८ ते २२८.

तुमच्या लेकीचा इंडेक्स: ६८० ची दुप्पट १३६०, अधिक ७४०, झाले २१००, म्हणजे २१०. हेच मार्क उलटे असते, भाषेत (रीडिंग-रायटिंगमध्ये) ७४० आणि गणितात ६८०, तर एकूण तेच १४२० पण इंडेक्स २१६.

आता न्यू जर्सी. कटऑफ, म्हणजे सेमीफायनलिस्ट (पहिल्या फेरीत निवडलेले) व्हायला लागणारा कमीत कमी इंडेक्स, राज्यागणिक वेगळा असतो आणि न्यू जर्सी कायम सगळ्यात वरच्या राज्यांत असते. २०२५ च्या बॅचला (त्या वर्षी हायस्कूल संपवणाऱ्या मुलांना) २२३ होता, २०२६ च्या बॅचला २२५. या २२५ मध्ये १५०० कुठे बसतात ते बघा:

७५० भाषा + ७५० गणित = १५००, इंडेक्स २२५. आत.
७४० भाषा + ७६० गणित = १५००, इंडेक्स २२४. बाहेर.
७६० भाषा + ७३० गणित = १४९०, इंडेक्स २२५. आत.

म्हणजे १४९० वाली मुलगी आत जाते आणि १५०० वाली बाहेर राहते. म्हणून 'किती मार्क पुरतात' या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. आपल्याकडे पालकांचा सगळा भर गणितावर असतो, पण इथे भाषेतले १० गुण म्हणजे इंडेक्सचे २ आणि गणितातले १० म्हणजे १. लेकीचं गणित ७४० चं ७६० झालं तर इंडेक्स फक्त २ ने वाढेल. उरलेलं सगळं भाषेतूनच यायला हवं.

कटऑफ आधी कळत नाही. परीक्षा ऑक्टोबरात, सेमीफायनलिस्टची नावं पुढच्या सप्टेंबरात. त्यामुळे मागच्या बॅचच्या आकड्याला टेकून राहू नका, दोन-तीन वर वाढवून लक्ष्य धरा. आणि राज्य म्हणजे शाळेचं राज्य, घराचं नव्हे. नदीपलीकडच्या राज्यातल्या प्रायव्हेट शाळेत मूल जात असेल तर त्या राज्याचा कटऑफ लागतो.

कागद_पक्का

'आपोआप' हा शब्द काढून टाका. मार्क मिळवूनही मुलं गळतात ती पुढच्या पायऱ्यांवर.

देशभरातून दरवर्षी साधारण १६,००० सेमीफायनलिस्ट होतात, त्यांतले साधारण १५,००० फायनलिस्ट. प्रत्यक्ष नॅशनल मेरिट स्कॉलरशिप मिळते त्यांतल्या निम्म्याहून कमी मुलांना. सेमीफायनलच्या खाली राहिलेल्यांपैकी साधारण ३४,००० जणांना कमेंडेड म्हणून पत्र मिळतं (२०२६ च्या बॅचला इंडेक्स २१० पासून). ते अर्जात लिहायला चांगलं, पण स्पर्धा तिथे संपते.

सेमीफायनल ते फायनल या टप्प्यावर बारावीच्या ऑक्टोबरात अर्ज जातो: निबंध, चारही वर्षांचे ग्रेड, शाळेची शिफारस. शिवाय पीएसएटीला दुजोरा देणारा एसएटी किंवा एसीटीचा (एसएटीसारखीच दुसरी परीक्षा) स्कोअर लागतो. हा स्कोअर शाळेकडे किंवा कॉलेजांकडे पाठवून भागत नाही, ही स्पर्धा चालवणाऱ्या नॅशनल मेरिट कॉर्पोरेशनकडे वेगळा पाठवावा लागतो. एसएटीसाठी त्यांचा कोड ००८५. मूल १५५० घेऊन बसलेलं असतं आणि कोड टाकायचा राहिलेला असतो, ही चूक अगदी नेहमीची. एखादा सी किंवा डी ग्रेडही इथे अडवतो. अकरावीत पीएसएटी झाली म्हणून बारावीत हात सैल सोडू नये.

फायनलिस्ट झाल्यावर पैसे तीन वाटांनी येतात. पहिली, नॅशनल मेरिटची स्वतःची २,५०० डॉलर, एकदाच. दुसरी, कंपन्यांची. आई किंवा वडिलांची कंपनी प्रायोजक असेल तर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ती वेगळी ठेवलेली असते, पण त्यासाठी कंपनीचा अर्ज आपणच वेळेत भरायचा असतो. अकरावीतच एचआरला ईमेल टाकून विचारा. काही कंपन्या फायनलिस्ट नसलेल्या मुलांनाही स्पेशल स्कॉलरशिप देतात, म्हणून मार्क थोडे कमी आले तरी विचारायचंच.

तिसरी वाट कॉलेजांची, आणि मोठा पैसा इथेच असतो. अलाबामा, टेक्सास-डॅलस यांसारखी विद्यापीठं फायनलिस्टना ट्युशन आणि त्यावर आणखी बरंच काही देतात. अट अशी की नॅशनल मेरिटच्या पोर्टलवर ते कॉलेज 'फर्स्ट चॉइस' म्हणून नोंदवायला हवं. कॉलेजला प्रवेशासाठी होकार देणं वेगळं आणि ही नोंद वेगळी. सुरुवातीला 'अजून ठरलेलं नाही' असं ठेवता येतं. मात्र एका कॉलेजची ऑफर नॅशनल मेरिटकडून निघाली की ती दुसऱ्या कॉलेजात नेता येत नाही. प्रत्येक कॉलेजची शेवटची तारीख वेगळी, ती त्यांच्याच पानावर बघा. आयव्ही लीग आणि एमआयटी मेरिटवर पैसे देत नाहीत, तिथे पहिल्या दोन वाटांचे पैसेच उपयोगी पडतात.

टॅम्पाकर

भाच्याचं बरोबर आहे, ही सर्वस्वी वेगळी योजना. फ्लोरिडाची ब्राइट फ्युचर्स. इथे स्पर्धा नाही, रेषा ओलांडली की मिळते.

तिच्या दोन पातळ्या. अकॅडेमिक स्कॉलर्स: वेटेड जीपीए (अवघड विषयांना जास्त वजन देऊन काढलेली ग्रेडची सरासरी) ३.५, एसएटी १३४० किंवा एसीटी २९, आणि १०० तास सेवा किंवा १०० तास पगारी काम. सरकारी विद्यापीठाची पूर्ण ट्युशन. मेडॅलियन: जीपीए ३.०, एसएटी १२१० किंवा एसीटी २५, सेवेचे ७५ तास किंवा पगारी कामाचे १००. तीन चतुर्थांश ट्युशन.

फ्लोरिडात एसएटीचे वेगवेगळ्या तारखांचे उत्तम भाग एकत्र धरतात. मार्चला भाषा ६८० आणि गणित ६३०, जूनला भाषा ६५० आणि गणित ६६०: एकेकटे दोन्ही १३१० च, पण धरतात ६८० + ६६० = १३४०. भाचा थोडक्यात अडला असेल तर पुढच्या वेळी फक्त कमी असलेल्या भागाचीच तयारी करायची. शेजारच्या जॉर्जियात झेल मिलर स्कॉलरशिपला १२०० पुरतात, जीपीए मात्र ३.७ लागतो, आणि ते १२०० एकाच बैठकीत यावे लागतात. नातेवाईक एका राज्याचा नियम दुसऱ्याला सांगतात आणि गोंधळ होतो तो इथेच.

भाच्याने आजच बघायच्या गोष्टी: फ्लोरिडाचा फायनान्शियल एड अर्ज १ ऑक्टोबरला उघडतो आणि पदवीदानानंतरच्या ३१ ऑगस्टपर्यंत भरता येतो. ती तारीख चुकली तर मार्क कितीही असोत, उपयोग नाही. सेवेचे तास शाळेच्या नोंदीत चढलेले आहेत का तेही काउन्सेलरकडून बघून घ्यावं. देवळात किंवा मराठी शाळेत शिकवलेले तास धरायचे असतील तर सही-शिक्क्याचं पत्र लागतं, आणि ते काम चालेल का हे शाळेला आधी विचारायचं. आणखी एक, परकी भाषा सलग दोन वर्षं एकच हवी. एक वर्ष स्पॅनिश, एक वर्ष फ्रेंच चालत नाही.

अकरावीची_आई

खूप खूप आभार. इंडेक्सचं गणित कुणी सांगितलंच नव्हतं. काका, भाषेत ६८० वरून ७५० ला जायला नेमकं काय करायचं? ती वाचते भरपूर, पण वेळ पुरत नाही म्हणते.

गणिती_काका

वाचन भरपूर असेल तर बहुतेक वेळ चुकीच्या जागी जात असणार. भाषेचे दोन मोड्यूल (उपविभाग), प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सरासरी ७१ सेकंद. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ आणि उताऱ्याची रचना, मग आशय आणि पुरावे, मग व्याकरण-विरामचिन्हं, शेवटी जोडशब्द आणि टिपणांवरून वाक्य निवडणं. मुलं पहिल्या निम्म्यात कविता आणि जुन्या गद्यावर दोन-दोन मिनिटं घालवतात आणि व्याकरणाला पोचेपर्यंत घड्याळ लाल झालेलं असतं. व्याकरणाचे प्रश्न ३०-४० सेकंदांचे आणि नियमांनी बांधलेले. सेमीकोलन, कोलन, दोन डॅशमधलं उपवाक्य, कर्ता-क्रियापद जुळणी, लोंबणारं विशेषण: एवढं पक्कं केलं की तिथे चूक होऊ नये. तिला सांगा, मोड्यूल उघडल्यावर थेट व्याकरणापासून शेवटापर्यंत जायचं आणि मग मागे यायचं. मोड्यूलच्या आत मागे-पुढे जाता येतं, संपल्यावर नाही.

दुसरा मोड्यूल पहिल्यावरून ठरतो. पहिल्यात फार चुका झाल्या तर सोपा मोड्यूल येतो आणि मग वरचे गुण हाताला लागतच नाहीत. म्हणून पहिल्यात घाई नको.

सराव ब्लूबुकवरच (परीक्षा ज्या ॲपवर होते तेच), पूर्ण वेळ लावून. चुकांची वही करा, पण 'घाईत चुकलं' असं कारण लिहू देऊ नका. नियम माहीत नव्हता, की दोन पर्याय उरल्यावर चुकीचा उचलला, एवढंच लिहायचं. तिसऱ्या-चौथ्या पेपरनंतर तेच दोन-तीन प्रकार परत परत दिसतील, आणि अभ्यास तेवढ्यांचाच. अकरावी सुरू होण्याआधी ऑगस्टची एसएटी दिली तर दुजोऱ्याचा स्कोअरही त्यातच होऊन जातो. दहावीनंतरचा तो स्कोअर चालतो.

कागद_पक्का

एच-४ चं राहिलं. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांना नॅशनल मेरिटमध्ये उतरायला नागरिकत्वाची अट नाही. अट आहे ती परदेशात शिकणाऱ्यांना, उदाहरणार्थ आईवडील पुण्याला परतले आणि मूल तिथे अकरावीला गेलं तर. त्या मुलांना कटऑफही देशातल्या सगळ्यात वरच्या राज्याचाच लागतो. मात्र कंपन्यांच्या आणि कॉलेजांच्या अटी ज्याच्या त्याच्या असतात, तिथे व्हिसाचं आधी लेखी विचारून घ्या. फाफ्सावरची (केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा अर्ज) सरकारी मदत एच-४ वर मिळत नाही, ब्राइट फ्युचर्सही नाही.

आणि हे आत्ताच करा. अकरावीच्या पीएसएटीची नोंदणी शाळेतूनच होते, घरून होत नाही. तुमच्या शाळेने दहावीला सगळ्यांची घेतली म्हणून अकरावीलाही घेईलच असं धरू नका, काही शाळांत नाव द्यावं लागतं. वसंतातच काउन्सेलरला विचारा. पीएसएटी १० नावाची जी परीक्षा काही शाळा वसंतात घेतात ती यात धरत नाहीत. परीक्षेच्या दिवशी आजारी पडली तर एसएटीवरून प्रवेशाची दुसरी वाट आहे, पण तो अर्ज लगेच करायचा, निकालाची वाट बघत बसायचं नाही. निकाल आला की सिलेक्शन इंडेक्सशेजारी छोटी चांदणी (*) आहे का ते बघा. चांदणी असली म्हणजे त्यांच्या नोंदीप्रमाणे ती स्पर्धेत नाही. यंदा दहावीत दिलीये म्हणून असेल तर ठीकच. पुढच्या वर्षी दिसली तर बहुधा पदवीचं वर्ष किंवा इयत्ता चुकीची टिकली गेलेली असते. त्याच आठवड्यात नॅशनल मेरिटला कळवून दुरुस्त करून घ्या.

अकरावीची_आई

निकाल उघडून बघितला, चांदणी आहे. दहावीमुळेच असणार. काउन्सेलरला आत्ताच ईमेल करते.