लॉनमधलं तण: ओळखायचं कसं, काढायचं कसं? अनुभव लिहा

खुरपेवाली
पाऊस उघडला आणि सोसायटीच्या लॉनवर लव्हाळ्याचे तुरे डोलायला लागले, सगळी जुनी उठाठेव आठवली. म्हणून धागा. माळीबुवांच्या लेखी सगळं 'गवतच', आणि सगळ्यावर उपाय एकच, उपटा! देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा. तीन धारा लागल्या तर लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. गवताचा दांडा गोल नाहीतर चपटा, त्याला पेरं असतात. लव्हाळा उपटला की वरचा शेंडा हातात येतो, खाली काळ्या गाठींची माळ तशीच. पुढची गाठ तुटली की मागच्या झोपलेल्या फुटतात, म्हणून उपटल्यावर तो जास्तच दाटतो.

माती_आणि_मी
गाठी येतात लाल मातीच्या ट्रकमधून आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. लॉन घालायच्या आधी माती पसरून पाणी द्या, दोनेक आठवडे थांबा, उगवेल ते काढा. पुन्हा एकदा तेच. मगच लॉनच्या गवताच्या चटया अंथरा. कंत्राटदार हे करत नाही, त्याला बिल काढायची घाई.

सदाफुली
देठाला तीन धारा, पण वर पांढरट गोल बोंड? तो लव्हाळा नव्हे, त्याचा भाऊबंद. त्याला गाठी नसतात, मुळं मातीच्या वरच्याच थरात आडवी पसरतात. ५ सेंटीमीटर खोल कापा काढला की निघतो. हा दिसला म्हणजे तिथे पाणी साचतंय, आधी उतार बघा.

नाना_नाशिककर
गणपतीत दूर्वा शोधत फिरायचं आणि मेक्सिकन लॉनमध्ये उगवली की तिलाच शिव्या 😄

खुरपेवाली
नाना 🙏 तुरा बघा ना. एका बिंदूतून तीन ते पाच बोटं फुटलेली म्हणजे हरळी, तुमची दूर्वाच; मेक्सिकनला, म्हणजे लावलेल्या लॉनच्या गवताला, एकच सरळ कणीस. हरळी मरेल आणि लॉन वाचेल असं औषध मागू नका, दोन्ही गवतंच. तो तुकडा १५ सेंमी खोल कापून काढायचा. पेर असलेला काडीएवढा भागही कंपोस्टात टाकू नका.

घोळाची_भाजी
लॉनमध्ये घोळ आलीय, मुगाची डाळ आणि भरपूर लसूण!! चालेल ना?

सदाफुली
ताई थांबा, आधी देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती जमिनीसरपट दुधी, खायची नाही. घोळीचं पान जाड, रसरशीत, देठ गुळगुळीत तांबूस, मोडला की नुसतं पाणी. आणि लॉनवर कधी फवारणी झाली असेल तर घोळसुद्धा नको. मुतखडेवाल्यांनी तशीही बेतानंच.

घोळाची_भाजी
बापरे. मंडईतूनच आणते.

पंपमास्तर
रुंद पानांच्या तणाला, म्हणजे एकदांडी, दुधी, केना, टू-फोर-डी हे तणनाशक चालतं, गवताला धक्का लागत नाही. अमाइन सॉल्ट घ्या. एस्टर प्रकाराची उन्हात वाफ होऊन ती शेजारच्या जास्वंदीवर, टोमॅटोवर जाते, पानं मुरडतात. प्रमाण लेबलवरचं, वारा नसताना, आणि आधी-नंतर दोन दिवस कापणी नाही, पान असेल तरच औषध आत जाईल. लव्हाळा यानं वरवर करपतो, गाठी ठणठणीत. त्याला हॅलोसल्फ्युरॉन लागतं, तेही कोवळ्या पानांवर. पंप मात्र वेगळा ठेवा, तोच गुलाबाला वापरलात तर गुलाब गेला.

नाना_नाशिककर
ग्लायफोसेट?

पंपमास्तर
लॉनवर नको, सरसकट मारतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेत त्याचा वापर पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच करायला सांगितलंय.

माती_आणि_मी
आंबुशी राहिली. हृदयाच्या आकाराची तीन-तीन पानं, रात्री मिटतात, बारकं पिवळं फूल. मशीनच्या पात्याखालीच वाढते, म्हणून कापून फरक पडत नाही. शेंगा पिकल्या की धक्क्याने बिया दूर उडतात, फूल दिसताच ओल्या मातीत काढा. पेरापेराला मुळं धरते, ओढू नका, खुरप्याने उचला.

सदाफुली
काँग्रेस गवतही तसंच, कापत राहिलं तर जमिनीलगत गाजरासारख्या पानांचं चक्र करून बसतं आणि बुटकंच फुलतं. भारतात त्याची नोंद १९५५ ला पुण्यातच झाली, मान आपलाच! हातमोजे घाला, अंगावर पुरळ उठतं.

टेरेसबाग
नाचणीसारखं, बुडाशी पांढरं चपटं, कितीही ओढा निघत नाही ते काय?

माती_आणि_मी
रान नाचणी. तुडवून घट्ट झालेल्या मातीत येते, पाऊलवाटेवर बघा. खुरप्याने मुळासकट काढा, मग बागकामाच्या काट्याने ८-१० सेंमी खोल भोकं पाडून वाळू भरा. नाहीतर पुढच्या पावसात तिथेच.

घोळाची_भाजी
मंडईत घोळ नाही, केना मिळाला. भजी चालतील का?

नाना_नाशिककर
पत्ता पाठवा 😋