मदत हवी आहे: ‘बीळ’, ‘दलदल’ आणि ‘ढोली’ला नेमके इंग्रजी शब्द

निसर्गावरच्या मराठी लेखांचा इंग्रजी अनुवाद करायला घेतलाय आणि ‘बीळ’ या दोन अक्षरांत पुरता अडकलोय. मराठीत उंदीर, घूस, खेकडा, सगळ्यांचं बीळच. सापाचंही, ते त्यानं खणलेलं नसलं तरी! इंग्रजीत मात्र बरो, डेन, लेअर, वॉरन, होल्ट अशी रांगच लागते. होल्ट पाणमांजराचं, एवढं कळलं. बाकीच्यांत फरक काय?

मी एके ठिकाणी ‘ससा बिळातून बाहेर आला’चं ‘रॅबिट’ आणि ‘बरो’ करून मोकळा झालो. वर्णन रानसशाचं असल्यानं तपासणाऱ्या मैत्रिणीनं ते सरळ खोडलं. म्हणे, हा हेअर आहे, हा बीळ खणत नाही. मग मूळ लेखच चुकलाय का?

दुसरं, ‘दलदल’ म्हणजे मार्श, स्वॅम्प की बॉग? शब्दकोशात तिन्ही सापडतात.

प्रतिसाद १
मैत्रीण बरोबर आहे. आपण दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून हा घोळ. रॅबिट जमीन पोखरतो. त्याच्या बिळांचं जाळं म्हणजे वॉरन. हेअर गवतात उथळ खळगा करून बसतो, त्याला ‘फॉर्म’ म्हणतात. हेअरची पिल्लं उघड्यावरच जन्मतात, त्यामुळे जन्मतःच अंगावर केस आणि डोळे उघडे. रॅबिटची आंधळी नि उघडीबोडकी, कारण ती बिळात सुरक्षित असतात. तेव्हा तिथं बीळ काढून टाका.
बरो म्हणजे खणलेलं बीळ. डेन कोल्ह्याचं, अस्वलाचं. ते गुहेतही असू शकतं. लेअर शब्दाला हिंस्रपणाचा वास आहे, उंदराला लावू नका.

प्रतिसाद २
दलदलीत आधी झाडं बघा. मोठी झाडं असली तर स्वॅम्प, नुसतं गवत-लव्हाळं असलं तर मार्श. बॉगचं पाणी मुख्यतः पावसाचं, आम्लधर्मी. खाली कुजकट वनस्पतींचा पीट साठलेला. लेखात पीट नसेल तर बॉग लिहूच नका.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. आता ‘ढोली’ राहिली. आणि हो, एका लेखात झाडावरच्या आमरीला (ऑर्किडला) ‘बांडगूळ’ म्हटलंय. पॅरासाइट लिहू?

प्रतिसाद २
अजिबात नको! आमरी झाडाचा फक्त आधार घेते, रस शोषत नाही. ती एपिफाइट. खरं बांडगूळ म्हणजे मिस्लटो.
ढोलीला ‘ट्री हॉलो’ चालेल; पक्ष्यांच्या संदर्भात ‘कॅव्हिटी’ जास्त वापरतात. सुतारपक्षी स्वतः कोरतो म्हणून तो प्रायमरी कॅव्हिटी नेस्टर, आणि त्यानं सोडलेल्या ढोलीत शिरणारं घुबड सेकंडरी. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, फक्त पंखवाला.