हवामान बदलापुढे माणूस खरोखरच हतबल आहे का?

निळीशाई

गेली काही वर्षे मी हवामान बदलाविषयी नियमितपणे वाचतो आहे आणि वाचन वाढते तसतशी उमेद कमी होत चालली आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल, हे स्वांते आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच गणिताने दाखवले होते. १९९२ मध्ये रिओ येथे राष्ट्रांनी हवामानविषयक करारावर सह्या केल्या, २०१५ मध्ये पॅरिस करार झाला, आणि तरीही उत्सर्जन वाढतच राहिले. औद्योगिक क्रांतीपूर्वी दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० च्या वर गेला आहे, आणि २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सरासरी दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. माहिती नव्हती, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. मग दूरचे संकट दिसत असूनही आजची सोय न सोडणे हा माणसाचा स्वभावच आहे आणि जे व्हायचे ते होणारच, असे मानणे अधिक प्रामाणिक नव्हे काय? केवळ धीर देणारी उत्तरे नकोत, युक्तिवाद हवा आहे.

क्षितिजरेषा

आपण दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यातून काढलेला निष्कर्ष निघत नाही. ‘जे व्हायचे ते’ अशी एकच ठरलेली गोष्ट येथे नाही, हेच भौतिकशास्त्र सांगते. तापमानवाढ आजवर हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ समप्रमाणात होते; दर १,००० अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाचा मध्यवर्ती अंदाज आहे. याचा अर्थ असा, की ज्या रेषेपलीकडे प्रयत्न निरर्थक ठरतात अशी रेषा या हिशेबात कोठेच नाही. तापमानवाढीची मर्यादा म्हणून दीड अंश हा आकडा प्रामुख्याने लहान बेटराष्ट्रांच्या आग्रहामुळे पॅरिस करारात आला आणि तो अनेक वर्षांच्या सरासरीला लागू होतो, एका वर्षाला नव्हे. तो ओलांडला जाईल, असे मलाही वाटते. पण दीड अंशाला जगातील ७० ते ९० टक्के प्रवाळ भित्ती नष्ट होतील आणि दोन अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक, असे आयपीसीसीच्याच २०१८ च्या विशेष अहवालात म्हटले आहे. या दोहोंतला फरक दैववाद्याच्या हिशेबात धरलाच जात नाही.

दुसरा एक समज मला अधिक घातक वाटतो. आज उत्सर्जन पूर्ण थांबवले तरी पुढची कित्येक दशके पृथ्वी तापतच राहील, असे पुष्कळ सुशिक्षित लोकही मानतात. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले, की तापमानवाढ जवळजवळ थांबते, कारण समुद्र आणि वनस्पती तो वायू शोषत राहतात आणि समुद्रात मुरणाऱ्या उष्णतेचा उरलेला परिणाम त्यामुळे भरून निघतो. मात्र झालेली वाढ शतकानुशतके फारशी उतरत नाही आणि समुद्राची पातळी तर वाढतच राहते. समुद्रापुरते आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे; तापमानाबाबत नाही.

जुनावाचक

क्षितिजरेषा यांचे भौतिकशास्त्र मान्य आहे, परंतु मूळ प्रश्न माणसाविषयी होता. अशा चर्चेत हटकून ओझोनचे उदाहरण दिले जाते: १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील छिद्राची बातमी आली, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी तो स्वीकारला. मला हे उदाहरण फसवे वाटते. ओझोनचा थर नष्ट करणारी रसायने मोजक्या कंपन्या बनवत होत्या आणि त्यांना पर्याय सापडले. उलट जगाच्या प्राथमिक ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा अजूनही जीवाश्म इंधनांतून येते.

माणसाचा स्वभाव न बदलता काय घडू शकते, हे पाहायचे असेल तर सौरऊर्जेकडे पाहावे. जर्मनीने २००० च्या कायद्याने अशा विजेला हमीदर दिला, चीनमधील कारखान्यांनी प्रचंड उत्पादन केले आणि २०१० नंतरच्या दशकात सौर पॅनेलची किंमत सुमारे नऊ-दशांशाने उतरली. यात कोणी त्याग केला नाही. कायदा, बाजार आणि राष्ट्रांची चढाओढ यांनीच हे साधले. ब्रिटनमध्ये १८८२ मध्ये सुरू झालेली कोळशावरची वीजनिर्मिती सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तरी त्याच वर्षी जगातील कोळशाचा वापर उच्चांकी राहिला, कारण नवी ऊर्जा बहुतेक ठिकाणी जुनीची जागा घेण्याऐवजी तिच्यात भर घालते. त्यामुळे मी स्वतःला आशावादी म्हणवत नाही. हरलो आहोत असे म्हणायला मात्र पुरावा अपुरा आहे.

निळीशाई

दोघांचेही आभार. स्वभावाचा माझा मुद्दा सौर पॅनेलच्या उदाहरणाने बराच सैल झाला, हे मान्य करतो. पण हा वेग पुरेसा नाही, हेही जुनावाचक यांच्याच शेवटच्या वाक्यांतून दिसते. ज्यांना बदलायचे नाही त्यांना ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य फार सोयीचे पडत नाही काय?

पानगळ

पडतेच, आणि ‘आता उशीर झाला’ हे वाक्यही त्यांना तितकेच सोयीचे पडते. पूर्वी ‘हवामान बदलतच नाही’ असे म्हणणारे पुष्कळ जण आता दुसऱ्या वाक्याकडे वळलेले दिसतात. दोन्हींतून निघणारे धोरण एकच आहे.

शिवाय ‘माणूस’ हा कर्ता मला येथे खटकतो. घरगुती उपभोगाशी निगडित उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्के वाटा सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या १० टक्के कुटुंबांचा आहे, तेव्हा साऱ्या मानवजातीच्या स्वभावावर निकाल देण्याआधी या वाट्याकडे पाहायला हवे. वेगाविषयी म्हणाल, तर पॅरिस करारापूर्वी शतकाअखेरीस चार अंशांच्या आसपास वाढीचे अंदाज मांडले जात. आता चालू धोरणांनुसार ते तीन अंशांच्या किंचित खाली आले आहेत. हे पुरेसे मुळीच नाही, पण ही घट आपोआप झालेली नाही.

लवकर फळ देणारी बाब शोधत असाल, तर मिथेन पाहा. हा वायू हवेत साधारण १२ वर्षेच टिकतो, त्यामुळे त्याचे उत्सर्जन घटवल्याचा परिणाम काही दशकांतच तापमानावर दिसू शकतो, आणि तेल व वायू उद्योगातील गळती रोखणे बऱ्याच ठिकाणी फारसे खर्चिकही नाही. २०२१ मध्ये शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत जगातील मिथेन उत्सर्जन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा केली. आजची गती पाहता ते उद्दिष्ट गाठले जाईल असे दिसत नाही, आणि तरीही येथे अडथळा तंत्रज्ञानाचा नसून देखरेखीचा आणि दंडाचा आहे.