आधी पाणके, मग राजा: नव्या सायकल संघात घ्यायचं कोणाला?

येऊरकर (धागाकर्ता)

रविवारी येऊरचा चढ मारून खाली उपवनला चहाला थांबलो आणि जो वाद पेटला तो चहा गार झाला तरी विझेना. म्हणून इथे आणून टाकतोय.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयची, म्हणजे जागतिक सायकल संघटनेची, २.२ (खालच्या) दर्जाची, टप्प्याटप्प्यांची, ४३७ किलोमीटरची. आमच्यातले चौघं मुळशीच्या रस्त्याकडेला उभे राहून बघून आले. तेव्हापासून एकच पालुपद: आपल्या ठाणे-नवी मुंबईतून असा व्यावसायिक संघ का निघू नये? बरं, निघाला समजा. पैसे घालणाराही भेटला समजा (हसू नका). कॉन्टिनेंटल, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा संघ. त्यात १० ते १६ रायडर चालतात आणि निम्म्याहून जास्त आपल्याच देशाचे लागतात. सोळा नावं कशी भराल, असं विचारलं. सातपैकी सहाजणांनी पहिल्या ओळीत राजा लिहिला. बाहेरचा, नावाजलेला, जिंकून देणारा.

माझं उलट. आधी पाणके घ्या, राजा शेवटी. नाही मिळाला तरी चालेल.

पाणके म्हणजे फ्रेंच लोक ज्यांना ‘डोमेस्टिक’, सरळ घरगडी म्हणतात ते. मुळशीला एकाला अगदी हातभर अंतरावरून बघितलं. संघाच्या गाडीपाशी मागे आलेला, एक हात हॅन्डलवर, दुसऱ्याने खिडकीतून बाटल्या घेतोय. दोन सायकलच्या पिंजऱ्यात, बाकीच्या मानेमागून जर्सीच्या आत. मी सहा मोजल्या तोवर त्याची पाठ पोत्यासारखी लोंबायला लागली होती. तेवढं घेऊन गडी पॅडलवर उभा राहिला आणि वळणाआड गेला. पुढचे सगळे तेव्हा दिसेनासेही झाले होते.

हे नुसतं पाण्याचं काम नाही. सपाटीवर पुढच्याच्या चाकाला चिकटून चाललं की साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते. खाडीचं वारं तोंडावर असताना पाम बीच रोडवर ज्याने ग्रुपला वाशीपर्यंत ओढलंय त्याला विचारा. राजाला शेवटच्या दहा किलोमीटरपर्यंत वारा लागूच द्यायचा नाही, हे काम पाच-सहा माणसांचं. ती माणसं नसतील तर राजा वारा खाऊनच मरतो.

माझी यादी: परदेशी, मुरलेला रोड कॅप्टन (रस्त्यावर डावपेच सांभाळणारा) १, चढाचे ३, स्प्रिंटर २, त्यांना शेवटपर्यंत वाऱ्यातून ओढत आणून सोडणारे लीडआउटवाले २, टाइम ट्रायलचा (एकट्याने घड्याळाशी पळणारा) १, पाणके ५, एकोणीस-वीस वर्षांची पोरं २. झाले सोळा. हाणा आता.

घाटवेडा

येऊरकर, वऱ्हाड जमवून मग नवरदेव शोधायला निघणार का तुम्ही? लग्नाला बोलावणार कोण?

मोठ्या शर्यतीला आमंत्रण लागतं आणि आमंत्रण नावाला मिळतं. क्यू३६.५ बघा. २०२३ साली उभा राहिलेला, मधल्या पायरीवरचा संघ. पहिल्या दोन वर्षांत एकाही ग्रँड टूरला (टूर द फ्रान्स, इटलीची जिरो, स्पेनची व्हुएल्टा, या तीन मोठ्या शर्यती) बोलावणं नाही. २०२५ साठी इनिऑस या बड्या संघातून टॉम पिडकॉक या नावाजलेल्या रायडरला आणलं आणि त्याच वर्षी जिरो आणि व्हुएल्टा दोन्हींची दारं उघडली. व्हुएल्टात गडी तिसरा आला. त्या संघाच्या पाणक्यांची नावं सांगा पाहू? मलाही आठवत नाहीत, आणि मी रात्री जागून बघितली होती.

प्रायोजक टोपीवर कोणाचा फोटो छापणार? बाटल्या वाहणाऱ्याचा?

कोपरखैरणे_लोकल

+१ घाटवेडा. पैसा लावणाऱ्याला चेहरा लागतो.

येऊरकर

पिडकॉकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. तो आला तेव्हा घर दोन वर्षं लावून झालं होतं. मेकॅनिक, मालिशवाले, त्याच्यासाठी राबणारे गडी, सगळं जागेवर. रिकाम्या घरात राजा आणून बसवला असता तर व्हुएल्टाच्या दुसऱ्या आठवड्यातच एकटा पडला असता. त्याला भांडी कोणी लावून ठेवली ते तुम्ही बघत नाही.

आणि राजाच आधी घेतल्याचं उदाहरण देतो. २०११ चा लेपर्ड-ट्रेक संघ. अँडी आणि फ्रँक श्लेक हे भाऊ, फाबियान कॅन्सेलारा, सगळे नावाजलेले, एकाच घरात. टूर द फ्रान्समध्ये भाऊभाऊ दुसरे आणि तिसरे आले. आणि संघ? एक हंगाम. २०१२ ला रेडिओशॅकमध्ये विरघळून गेला.

घाटवेडा

दुसरे आणि तिसरे आले हे तुम्हीच लिहिलंत. आपला संघ टूरमध्ये एकशे तिसरा आला तरी मी ठाण्याला तलावपाळीवर पेढे वाटीन. आणि लेपर्ड बुडाला तो पैशाने, राजांनी नाही.

पामबीच_पहाटे

मी दोघांच्या मधे. लीडआउटचा मुद्दा येऊरकरांनी एका ओळीत उरकला म्हणून लिहिते.

२००९ च्या टूरचा शेवटचा दिवस, पॅरिस. मार्क कॅव्हेंडिश हा स्प्रिंटर जिंकला हे सगळ्यांना माहीत. दुसरा कोण आला? मार्क रेन्शॉ, त्यालाच वाऱ्यातून ओढत शेवटच्या वळणापर्यंत आणणारा. म्हणजे कॅव्हेंडिशला सोडून दिल्यावरही बाकीच्या जगाच्या पुढेच राहिला. मग २०१२ ला रेन्शॉ स्वतः स्प्रिंटर व्हायला दुसऱ्या संघात गेला. जमलं नाही. २०१४ ला परत कॅव्हेंडिशकडे. त्यामुळे ‘पाणके म्हणजे कोणीही’ हे डोक्यातून काढा. ते वेगळंच कसब आहे आणि बाजारात फार कमी मिळतं. स्प्रिंटर दोन आणि लीडआउट दोन हे येऊरकरांचं गणित मला पटतं, फक्त दोन स्प्रिंटर एकमेकांकडे बघत बसणार नाहीत याची खात्री कोण देणार?

बाकी यादीत सोळाच्या सोळा गडीच दिसले. बाईमाणसांचा संघ काढायचा झाला तर स्पर्धा कमी, त्यामुळे त्याच पैशात जास्त वर जाता येईल असं मला वाटतं. संगमनेरच्या सायकलपटू प्रणिता सोमणने काय केलंय ते शोधून वाचा. पण तो धागा वेगळा काढते, इथे उगाच काशी नको.

आकडेमोड

सगळे भावनेवर बोलताय. सरळ चाचणी घ्या. पाच मिनिटांची ताकद, वीस मिनिटांची ताकद, भागिले वजन. वरचे सोळा घ्या.

जे व्हाइन हा ऑस्ट्रेलियन गडी घरात ट्रेनरवर बसून झ्विफ्ट अकॅडमी ही ऑनलाइन सायकल स्पर्धा जिंकला, त्यावर त्याला अल्पेसिन संघाचा करार मिळाला आणि २०२२ च्या व्हुएल्टात डोंगरावरचे दोन टप्पे मारले. आजचा नावाजलेला रायडर प्रिमोझ रॉग्लिच तर आधी बर्फावर स्की जंपिंग करायचा. २०१३ ला आद्रिया मोबिल नावाच्या स्लोव्हेनियन कॉन्टिनेंटल संघात आला, म्हणजे आपण बोलतोय त्याच पायरीवर. आपल्याकडे इंजिनं पडून आहेत, फक्त ती सायकलवर बसलेली नाहीत.

घाटवेडा

आकडेमोड, व्हाइनची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच व्हुएल्टात डोंगरांच्या राजाची (चढांवर सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याची) जर्सी अंगावर असताना तो पडला आणि घरी गेला. शंभर-दीडशे माणसांच्या घोळक्यात खांद्याला खांदा लावून ताशी पन्नासने उतरायचं असतं. तुमचा ताकद मोजणारा पॉवरमीटर ब्रेक लावत नाही.

येऊरकर

इथे घाटवेड्यांना अनुमोदन. (तारीख लिहून ठेवा.)

जुना गडी

नमस्कार मंडळी. मी बासष्टीचा आहे, हे नवीन इंग्रजी-फ्रेंच शब्द नातू समजावून सांगतो. पण पाणक्या काय असतो ते मला कोणी सांगू नये, मी होतो.

आमच्या खात्याच्या संघातून मुंबई-पुणे शर्यतीत चारदा उतरलो. खातं कोणतं ते सोडा. माझं काम पनवेलपासून खोपोलीपर्यंत वारा खाणं. सायकल आत्ताच्या दीडपट जड, पाण्याची एकच ॲल्युमिनियमची बाटली आणि ती उन्हाने चहासारखी तापलेली. बोरघाट लागला की माझ्या मांड्या दगड झालेल्या असायच्या, आणि माझ्या मागे सावलीत बसून आलेला माझा दोस्त ताजातवाना निघून जायचा. ‘घाटाचा राजा’ व्हायची त्याला फार हौस. एकदा थोडक्यात हुकलं. शिंग्रोबाच्या देवळाशी मी मागून पोचलो तेव्हा तो कठड्यावर बसून रडत होता. मला म्हणाला, बंड्या, अजून एक किलोमीटर ओढलं असतंस तर झालं असतं. मला राग नाही आला. खरं होतं ते.

म्हणून येऊरकर म्हणतात ते पटतं. पण तुमच्या सगळ्यांच्या वादाला बूड नाही. तुम्ही चढाचा, स्प्रिंटचा असं मोजताय. तुम्हाला हवेत ते गडी आहेत कुठे? देशातले चांगले रायडर बहुतेक रेल्वेत नाहीतर सैन्यदलात. स्पोर्ट्स कोट्याची नोकरी, क्वार्टर, घरी औषधपाण्याची सोय. कॉन्टिनेंटल पायरीवर किमान पगार द्याच अशी यूसीआयची सक्ती नाही, ती वरच्या दोन पायऱ्यांवर आहे. मग कोण सोडेल? राजा सोडेल, त्याला नाव आहे, उद्या कोणीही ठेवेल. पाणक्या नाही सोडणार. त्याने काय जिंकलं ते कुठे लिहिलेलंच नसतं, दुसऱ्या संघात दाखवणार काय?

माझ्याकडे कळंबोलीला एक पोरगा येतो. सहा महिन्यांपूर्वी असंच एक संघ काढायचं चाललं होतं, त्याला विचारणा झाली. त्याची आई माझ्या घरी आली. जिन्यात उभ्या उभ्याच विचारलं, “भाऊ, टीम वर्षात बंद पडली तर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो संघ कागदावरच राहिला. पोरगा भरतीच्या अभ्यासाला बसलाय.

त्यामुळे माझा सल्ला, सोळा नकोतच. दहा घ्या. दहाच्या दहांना तीन वर्षांचा करार, आणि पाणक्याचा पगार स्प्रिंटरच्या निम्म्याच्या खाली नाही असं लिहून द्या. मग भांडा.

कोपरखैरणे_लोकल

काका, __/\__

घाटवेडा

काका, दंडवत. पण तीन वर्षांचा पगार आणायचा तर पैसे घालणारा लागतो, आणि तो कोणाला बघून येईल? फिरून तिथेच आलो ना.

एमटीएन-कुबेका हा दक्षिण आफ्रिकेचा संघ बघा. २०१३ ला मधल्या पायरीवर चढले तेव्हा जेराल्ड सिओलेक नावाचा जर्मन बाहेरून आणला. त्याच मार्चमध्ये बर्फ पडत होता, शर्यत मधेच थांबवून रायडरांना बसमधून पुढे नेलं, त्या इटलीतल्या मिलान-सान रेमो शर्यतीत त्याने पीटर सगान आणि कॅन्सेलाराला मागे टाकलं. मग २०१५ ला टूरमध्ये. आफ्रिकेत नोंदलेला पहिला संघ. तिथे टप्पा जिंकला स्टीव्ह कमिंग्जने, तोही बाहेरचाच, ब्रिटिश.

येऊरकर

आणि त्याच टूरमध्ये डोंगराची ठिपक्यांची जर्सी काही दिवस कोणाच्या अंगावर होती? डॅनियल तेकलेहायमानोत, एरिट्रियाचा. सिओलेक आला म्हणून संघाचं नाव झालं, हे कबूल. पण संघ काढला होता तो तेकलेहायमानोतसारख्यांसाठी. नऊ वर्षांनी बिनियाम गिरमाय त्याच एरिट्रियातून येऊन टूरचे तीन टप्पे आणि गुणांत पहिल्याची हिरवी जर्सी घेऊन गेला. आपल्याला सिओलेक हवाय की गिरमाय, ते आधी ठरवा.

अजून एक. ख्रिस फ्रूम २०१० ला स्काय संघात आला तेव्हा राजा ब्रॅडली विगिन्स होता. फ्रूमकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. २०११ च्या व्हुएल्टात विगिन्ससाठी राबता राबता स्वतःच दुसरा आला, विगिन्स तिसरा. पुढे २०१९ मध्ये पहिला आलेला बाद ठरला आणि फ्रूम विजेता झाला. पाच घरगडी घ्या, त्यातला एखादा राजा निघतो. पाच राजे घेतले तर घरगडी एकही निघत नाही. मोव्हिस्टार संघाने २०१८ आणि २०१९ ला लांडा, क्विंताना, व्हाल्व्हेर्दे अशी तिघांची मोट बांधली होती. टूरमध्ये दोन्ही वर्षं सांघिक बक्षीस मिळालं, पहिल्या तिघांत मात्र त्यांचा कोणी नाही.

घाटवेडा

पाचांतला एखादा राजा निघतो, हे लॉटरीचं तिकीट झालं. प्रायोजकाला लॉटरी विकायला तुम्ही जा, मी गाडीत बसतो.

पामबीच_पहाटे

मोव्हिस्टारमध्ये २०१९ ला लांडा आणि क्विंताना दोघांनाही एकमेकांसाठी थांबायचं नव्हतं, हे टीव्हीवर आंधळ्यालाही दिसत होतं. आपल्या रविवारच्या ग्रुपात घणसोलीच्या पुलावर काय होतं ते आठवा आणि मग तीन राजांवर बोला. दिवे घ्या.

पान्हा_१५

मी दुकानवाला. तुमचा आख्खा धागा वाचला, जेवण राहिलं.

सोळा रायडर. प्रत्येकाला निदान दोन सायकली, म्हणजे बत्तीस, वर टाइम ट्रायलच्या वेगळ्या. पावसाळ्यात घोडबंदर रोडला एका फेरीत बेअरिंगचं काय होतं ते मला विचारा, आठवड्याला चार जण रडत येतात. तुमच्या यादीत मेकॅनिक कुठे आहे?

येऊरकर

बरोबर पकडलंत, शेठ. तो रायडरांत मोजला जात नाही म्हणून लिहिला नाही. पण पगार त्याच पिशवीतून जाणार. ठीक. रायडर पंधरा, मेकॅनिक एक. एक पाणक्या कमी करतो.

घाटवेडा

पाचाचे चार झाले! मालिशवाला, गाडीचा ड्रायव्हर आणि व्हिसाची कागदपत्रं बघणारा अजून यायचेत. चालू द्या, मी मोजतोय.