मदत हवी आहे: ट्रकमधला दोष लिहून ठेवला तर तोच कागद उद्या आपल्यावर उलटेल का?

नमस्कार,

आमचा घरचाच मालवाहतुकीचा धंदा आहे. १४ ट्रक, १९ ड्रायव्हर, एक मेकॅनिक. काका गाड्या आणि भाडी बघतात. कागदपत्रं, विमा आणि सुरक्षिततेचं काम दीड वर्षापासून माझ्याकडे आहे. यंदा पॉलिसी रिन्यू करताना विमा कंपनीने गेल्या ३ वर्षांतले क्लेम, ड्रायव्हरांचे परवाने आणि रोजच्या तपासणीचे तक्ते मागितले. पहिल्या दोन गोष्टी दिल्या. तक्त्यांपाशी मात्र अडकले आहे.

एका गाडीचा महिन्याचा तक्ता समोर धरला. ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, मालाची बांधणी, सगळ्या रकान्यांत ३० दिवस 'ठीक'. एकच निळं पेन, एकच तिरपं वळण, एका बैठकीत वरून खाली ओढलेलं. त्याच महिन्यात ११ आणि १२ तारखेला ही गाडी ब्रेकचे लायनर बदलायला गॅरेजमध्ये उभी होती. त्या दोन दिवशीही ब्रेकसमोर 'ठीक'च लिहिलंय.

ड्रायव्हरला विचारलं. १२ वर्षं आमच्याकडे असलेला, सरळ माणूस. म्हणाला, "ताई, महिनाअखेरीला ऑफिसातून फोन येतो, तक्ते भरून पाठवा म्हणून. मग बसून भरतो." फोन आमच्याच ऑफिसातून जातो, त्यामुळे त्याला बोल लावायला मला तोंड नाही.

मग आठवडाभर मी स्वतः पहाटे गाड्यांपाशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी एका गाडीचं इंजिन बंद केल्यावर मागच्या चाकाजवळ बारीक फुसफुस ऐकू आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला तर ज्यावर ब्रेक चालतात त्या हवेच्या दाबाचा काटा डोळ्यांदेखत खाली सरकत होता. मेकॅनिकने पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे आले. तासाभराचं काम, गाडी उशिरा सुटली. मी हे सगळं तक्त्यावर लिहिलं.

काकांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, "दुरुस्ती झाली ना? मग लिहायचं कशाला? उद्या या गाडीचा अपघात झाला तर समोरचा वकील हाच कागद पुढे करील, की यांना ब्रेकचा दोष माहीत होता."

त्यांची भीती उगाच नाही. काही वर्षांपूर्वी एका अपघातानंतर मेकॅनिकच्या वहीत 'मागचा आतला टायर बदलायला झालाय' अशी ओळ सापडली. टायर बदललेला नव्हता. क्लेममधली बरीच रक्कम कापली गेली. तेव्हापासून ती वहीच बंद आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दोष लिहिल्याने खरंच धोका वाढतो का? आणि हे जुने तक्ते विमा कंपनीला द्यायचे का? अनुभवी लोकांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या काकांना त्या ओळीने अडकवलं नाही. ओळीपुढे काहीच झालं नाही, त्याने अडकवलं. दोष कळूनही गाडी सोडली, असाच त्याचा अर्थ निघतो. वही बंद केल्यावर तर गाडीची काळजी घेतली हे दाखवायलाही तुमच्याकडे काही उरलं नाही.

तक्त्यात तीन रकाने वाढवा: दुरुस्ती काय केली, कोणी केली, आणि पुन्हा तपासून गाडी कोणी सोडली. प्रत्येकासमोर वेळ आणि सही. साबणाच्या पाण्याचा तुमचा प्रसंग असा लिहिला गेला तर तो कागद तुमच्याच बाजूने बोलेल.

सगळे दोष एका तागडीत तोलू नका. केबिनमधला दिवा पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबेल. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि मालाची बांधणी यांत काही निघालं तर गाडी हलायची नाही, मग भाडं कितीही मोठं असो. ६० च्या जागी ८० च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळपास पावणेदोन पट होतं, तेही ब्रेक चांगले असताना. उतारावर तापलेले ब्रेक तर आधीच कमी धरतात. बांधणीचंही तसंच: पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना निम्म्या वजनाइतका जोर पेलायला हवा, असं युरोप-अमेरिकेतले नियम धरतात. 'घट्ट दिसतंय' एवढ्यावर भागत नाही.

प्रतिसाद २

मी ड्रायव्हर आहे, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. आम्हाला खेपेवर पैसे मिळतात. दोष लिहिला की गाडी उभी, गाडी उभी की त्या दिवसाची कमाई गेली. तुम्ही तक्ता कितीही चांगला करा, हात 'ठीक'कडेच जाणार. आमच्या जुन्या मालकांनी दोषामुळे गाडी थांबली तर त्या दिवसाचे पैसे द्यायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात इतके दोष निघाले की मेकॅनिकला जेवायला वेळ मिळेना. नंतर कमी झाले.

झोपेचंही बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या करारात सलग ४ तास, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास अशी गाडी चालवण्याची मर्यादा आहे, आणि रोज सलग १० तास विश्रांती. तुमच्या देशाचा नियम वेगळा असेल तर तो पाळा. पण पोहोचायची वेळ ठरवतानाच हा हिशेब धरा. रस्त्यावर आल्यावर आमच्या हातात काही नसतं.

प्रतिसाद ३

विम्याचं काम करतो. जे तक्ते खोटे आहेत हे तुम्हाला माहीत आहे, ते खरे म्हणून देऊ नका. पॉलिसी घेताना महत्त्वाची माहिती चुकीची दिली असं नंतर सिद्ध झालं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. आणि तुमच्या तक्त्यांचं बिंग गॅरेजच्या बिलावरची तारीख फोडेल.

जुने कागद फाडूही नका, दुरुस्तही करू नका. एजंटमार्फत लेखी कळवा, की जुन्या नोंदी भरवशाच्या नाहीत, अमुक तारखेपासून नवी पद्धत सुरू केली आहे, सोबत गॅरेजची बिलं जोडली आहेत. हप्ता थोडा वाढेल कदाचित. पण क्लेमच्या वेळी कोणी तुमच्या पायाखालची जमीन ओढणार नाही. पाठवण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काकांना हा धागा वाचून दाखवला. रकाने वाढवायला ते तयार झाले. वकिलांची वेळ परवाची मिळाली आहे. उभ्या गाडीच्या दिवसाचे पैसे द्यायचं म्हटल्यावर मात्र गप्प झाले, 'हिशेब मांडून दाखव' म्हणाले. प्रतिसाद २ मधल्या दादांना एक विचारते: ते पैसे पूर्ण खेपेइतके मिळायचे की ठरावीक रक्कम? आणि गाडी खरंच दोषामुळे थांबली हे कोण ठरवायचं, मेकॅनिक की ऑफिस? रविवारी काकांसमोर कागद ठेवायचा आहे.